थंडीच्या पहाटे जुनी बस का अडते?

पौष महिन्यातील पहाट. छत्रपती संभाजीनगरच्या दक्षिण भागातील गारखेडा परिसरात अजून पुरते फटफटलेलेही नसते. एके काळी शहराबाहेरचे खेडे असलेला हा परिसर आज महानगराच्या पोटात सामावला असून, विभागीय क्रीडा संकुल, शाळा, शिकवणीवर्ग आणि दाट वसाहतींनी गजबजून गेला आहे. कानटोप्या आणि स्वेटर घातलेली मुले कोपऱ्याकोपऱ्यावर बसची वाट पाहत उभी असतात. नेमक्या अशाच वेळी एखाद्या संस्थेच्या आवारातील जुनी बस चालकाने ‘सेल्फ’ मारताच दोन आचके देते आणि गप्प बसते. पुन्हा प्रयत्न होतो, पुन्हा तेच. मग आजूबाजूची चार माणसे, प्रसंगी वरच्या वर्गातील विद्यार्थीही, धक्का मारण्यासाठी पुढे सरसावतात. बस उशिरा पोचते. मुख्याध्यापकांनी कारण विचारले, तर उत्तर ठरलेले असते: “साहेब, थंडी फार होती.”

हे उत्तर आपण सहसा मान्य करतो. पण ते कितपत खरे आहे? मराठवाड्याच्या थंडीत डिझेल इंजिन खरोखरच सुरू होऊ शकत नाही काय? या प्रश्नाचा उलगडा केवळ यांत्रिकांसाठी नाही. ज्यांच्याकडे शाळेची, संस्थेची अथवा पंचायतीच्या उपक्रमातील एखादी जुनी गाडी सोपविलेली आहे, अशा प्रत्येक शिक्षकाला, अधिकाऱ्याला आणि पंचायत सदस्याला तो उपयोगी आहे. कारण बंद पडलेल्या बसमागे मुलांचा वेळ असतो आणि ती सुरू करण्याच्या घाईत कित्येकदा माणसांचा जीवही धोक्यात येतो.

हँडलपासून स्टार्टरपर्यंत

मराठवाड्यातील सार्वजनिक बस वाहतुकीचा इतिहास जुना आहे. तत्कालीन हैदराबाद संस्थानात १९३२ साली रेल्वे खात्याच्या आधिपत्याखाली २७ मोटारगाड्यांनिशी प्रवासी वाहतूक सुरू झाली. त्या काळातील एक आल्बियन बस आजही हैदराबाद येथे जतन करून ठेवण्यात आली आहे. तिकडे मुंबई राज्यात १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) या मार्गावर लाकडी बांधणीची बेडफर्ड बस धावली आणि एस.टी.चा प्रारंभ झाला. पुढे राज्य पुनर्रचनेनंतर मराठवाडा व विदर्भ येथील परिवहन सेवा एकत्र येऊन १९६१ मध्ये महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ आकारास आले. महामंडळाच्या तीन मध्यवर्ती कार्यशाळांपैकी एक गारखेड्यापासून जवळच, चिकलठाणा येथे आहे. दापोडी आणि हिंगणा या अन्य दोन.

प्रारंभीच्या काळातील पेट्रोल गाड्यांच्या तोंडाशी लोखंडी हँडल खोचून, ते हाताने फिरवून इंजिन चालू करण्याची रीत होती. इंजिनाने उलटा झटका दिला की हँडल मारणाऱ्याचे मनगट मोडे. १९११ मध्ये चार्ल्स केटरिंग या अमेरिकन अभियंत्याने विजेवर चालणारा स्टार्टर सिद्ध केला आणि १९१२ च्या कॅडिलॅक मोटारीत तो प्रथम बसविण्यात आला. बसगाड्यांत डिझेल इंजिने रूढ झाल्यावर तर स्टार्टरला पर्यायच उरला नाही. कारण एवढे जड आणि एवढ्या दाबाचे इंजिन माणसाच्या हाताने फिरविणे जवळजवळ अशक्य. अशा रीतीने बसचा पहाटेचा पहिला श्वास सर्वस्वी बॅटरीच्या हाती गेला. या एका गोष्टीचे स्मरण ठेवले, तर पुढील सर्व विवेचन सोपे होईल.

डिझेल इंजिनाचे मर्म

पेट्रोल इंजिनात इंधन पेटविण्यासाठी विजेची ठिणगी पडते. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. तेथे सिलिंडरमधील हवा पिस्टनने इतकी दाबली जाते, की ती आपोआप तापते आणि त्या तप्त हवेत नोझलमधून डिझेलचा फवारा सुटताच तो पेट घेतो. सायकलच्या पंपाने हवा भरताना पंपाचे बूड गरम होते, हा अनुभव प्रत्येक विद्यार्थ्याने घेतलेला असतो. डिझेल इंजिन म्हणजे त्याच तत्त्वाचा मोठा आविष्कार होय. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने १८९७ मध्ये या तत्त्वावरील इंजिन यशस्वी रीतीने चालवून दाखविले.

येथे थोडा हिशेब करून पाहू. बसच्या इंजिनात हवा तिच्या मूळ आकारमानाच्या साधारण सतराव्या हिश्शापर्यंत दाबली जाते असे धरू. बाहेरची हवा ३० अंश सेल्सियस असेल, तर निरोगी इंजिनात ती ढोबळ मानाने ५४० अंशांपर्यंत तापेल. बाहेरची हवा १० अंश असेल, तर ती ४९० अंशांच्या आसपास पोचेल. म्हणजे बाहेर २० अंशांचा फरक पडला, तर आत फरक पडला तो सुमारे ५० अंशांचा. डिझेल साधारणपणे २२० ते २५० अंशांच्या दरम्यान आपोआप पेटू शकते. मात्र इंजिनात त्यास पेटण्यासाठी क्षणाचा अत्यल्प भाग मिळतो, म्हणून तेथे हवा याहून बरीच अधिक तापलेली असावी लागते. ४९० अंशांची हवा या कामास पुरेशी आहे.

आता दुसरी बाजू पाहू. बॅटरी अशक्त असल्यामुळे इंजिन रेंगाळत फिरले, तर दाबली जाणारी हवा आपली उष्णता थंडगार सिलिंडरच्या भिंतींना देऊन बसते. पिस्टनच्या रिंगा आणि व्हाल्व्ह झिजलेले असतील, तर दाबाखालची हवा फटींतून निसटते. या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या, की तीच हवा ३०० अंशांच्या आसपासच अडकू शकते. म्हणजे हवामानाने हिरावलेली उष्णता ५० अंशांची, तर दुर्लक्षित यंत्राने गमावलेली उष्णता जवळजवळ २०० अंशांची! खरा दोषी कोण, हे यावरून स्पष्ट व्हावे.

आपली थंडी किती?

छत्रपती संभाजीनगर परिसरात डिसेंबर-जानेवारीतील किमान तापमान सामान्यतः १० ते १२ अंशांच्या घरात असते. उत्तरेकडून थंडीची लाट आली, की ते याहूनही खाली उतरते. माणसाला हुडहुडी भरविण्यास एवढी थंडी पुरेशी आहे. इंजिनाच्या दृष्टीने मात्र ती सौम्यच म्हणावयाची.

डिझेल थंडीने गोठते, असा एक समज आहे. त्यातही तथ्य आहे, पण ते आपल्याकडचे नव्हे. डिझेलमध्ये मेणासारखा अंश असतो. फार थंडीत त्याचे कण तयार होऊन फिल्टर तुंबतात आणि पुढे डिझेल वाहतेच राहत नाही. भारतीय मानकानुसार उन्हाळी व हिवाळी डिझेलसाठी याबाबतच्या मर्यादा वेगवेगळ्या ठरविलेल्या असून, हिवाळ्यात मिळणारे डिझेल ३ अंशांपर्यंत प्रवाही राहावे अशी अपेक्षा असते. लडाखसारख्या प्रदेशाचा प्रश्न निराळा. तेथे उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे विशेष डिझेल २०१९ मध्ये उपलब्ध करून देण्यात आले. गारखेड्यात अशा डिझेलची गरज नाही. अपवाद एकच: जी जुनी गाडी महिनोन्महिने उभी असते आणि जिच्या टाकीत उन्हाळ्यात भरलेले डिझेल तसेच राहिलेले असते, ती कडक थंडीत याच कारणाने अडू शकते. अशा टाकीत तळाशी पाणीही साचते. हिवाळ्याच्या तोंडावर ते काढून टाकून ताजे डिझेल भरणे हाच त्यावरचा उपाय.

उन्हाळ्याचे दुखणे, हिवाळ्याची कबुली

बस अडण्याच्या प्रकारांत सर्वाधिक वाटा बॅटरीचा असतो. जुन्या बसमध्ये सामान्यतः १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून २४ व्होल्टचा दाब मिळविलेला असतो. शिसे आणि सौम्य गंधकाम्ल यांच्या रासायनिक क्रियेतून ही वीज निर्माण होते. थंडीत ही क्रिया मंदावते. २७ अंशांस पूर्ण भरलेली बॅटरी जेवढे बळ देते, त्याच्या सुमारे दोन-तृतीयांश बळ ती शून्य अंशास देते. १० अंशांवर ही घट अर्थातच याहून कमी असते. निरोगी बॅटरीस ती सहज पेलते.

मग बॅटरी दगा का देते? त्याचे उत्तर डिसेंबरात नव्हे, मे महिन्यात शोधले पाहिजे. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पारा ४० अंशांपर्यंत आणि त्याहून वर चढतो. तापलेल्या इंजिनाशेजारी अथवा पत्र्याच्या पेटीत बसविलेल्या बॅटरीचे तापमान तर याहून अधिक. तापमान १० अंशांनी वाढले, की अशा रासायनिक झिजेचा वेग साधारण दुप्पट होतो, असा ढोबळ नियम आहे. उन्हाळ्यात बॅटरीतील पाणी आटते, प्लेटा उघड्या पडतात आणि त्यांवर कायमचे कठीण क्षार धरतात. बॅटरीचे आयुष्य उन्हाळ्यात खचते. पण त्या दिवसांत इंजिनातील तेल पातळ असल्यामुळे अर्ध्या बळावरही गाडी सुरू होते आणि दुखणे झाकलेले राहते. थंडी पडली, तेल घट्ट झाले, इंजिन फिरविण्यास अधिक जोर लागू लागला, की ते झाकलेले दुखणे एका पहाटेत उघडे पडते. थंडी हा आजार नव्हे. ती आजाराची कबुली होय.

यात आपल्याकडील शाळांच्या वेळापत्रकाचीही भर पडते. दिवाळीच्या सुटीत शाळेची बस दोन-तीन आठवडे जागेवर उभी राहते. उभ्या गाडीची बॅटरी स्वतःहून हळूहळू उतरते. एखादा दिवा, घड्याळ किंवा मागोवा घेणारे उपकरण चालू राहिले असेल, तर अधिकच लवकर. सुटी संपून शाळा उघडते, त्याच सुमारास थंडीची पहिली चाहूल लागते. उतरलेली बॅटरी आणि घट्ट झालेले तेल यांची गाठ नेमकी पहिल्याच सोमवारी पडते.

तीन लक्षणे, तीन वाटा

डॉक्टर नाडी पाहून निदान करतात, त्याप्रमाणे बस अडली असता पुढील तीन लक्षणांपैकी कोणते दिसते, हे आधी पाहावे. त्यासाठी एका माणसाने चालकाच्या जागेवर बसावे आणि दुसऱ्याने बाजूला सुरक्षित उभे राहून सायलेन्सरच्या नळीकडे लक्ष ठेवावे. एवढ्या साध्या निरीक्षणाने निम्मे निदान होते.

पहिले लक्षण: इंजिन फिरतच नाही, नुसती ‘टक्’ असा आवाज येतो, किंवा ते रडतखडत फिरते व डॅशबोर्डवरील दिवे मंदावतात. येथे दोष विजेच्या वाटेवर आहे, असे समजावे. विजेची वाट म्हणजे बॅटरी, तिची टर्मिनले, जाड केबली, इंजिन व सांगाडा यांना जोडणारी अर्थची पट्टी आणि स्वतः स्टार्टर. अनेकदा नवी बॅटरी आणली जाते आणि दोष निघतो तो टर्मिनलवर साचलेल्या पांढऱ्या-हिरव्या क्षारांत किंवा गंजलेल्या अर्थच्या पट्टीत. टर्मिनल सोडवून घासून स्वच्छ करावे, घट्ट बसवावे आणि वरून व्हॅसलिनचा थर द्यावा. पूर्ण भरलेली बॅटरी विश्रांत अवस्थेत सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते. म्हणजे दोन्हींचे मिळून २५ व्होल्टच्या वर. ‘सेल्फ’ मारताना हा दाब १९ व्होल्टच्या खाली कोसळत असेल, तर बॅटरी तपासणीस पाठवावी. बॅटरीचे टोक आणि इंजिनाचा धातू यांच्यामध्ये ‘सेल्फ’ मारताना अर्ध्या व्होल्टहून अधिक फरक दिसला, तर अर्थची जोडणी दोषी समजावी. व्होल्टमीटर ही काही महागडी वस्तू नव्हे. शाळेच्या प्रयोगशाळेतही ती असते.

दुसरे लक्षण: इंजिन जोमाने फिरते, परंतु सायलेन्सरमधून धुराचा मागमूसही नाही. याचा अर्थ डिझेल सिलिंडरपर्यंत पोचतच नाही. प्रथम अगदी साध्या गोष्टी पाहाव्यात. टाकीत डिझेल आहे काय? इंजिन बंद करण्याची दोरी ओढलेल्या स्थितीतच अडकली नाही ना? त्यानंतर फिल्टर तुंबला आहे काय, हे पाहावे. हे सर्व ठीक असेल, तर चालक ज्यास ‘गाडीने एअर घेतली’ असे म्हणतात, तो प्रकार संभवतो. जोडाचा वायसर झिजलेला असला, नळीला बारीक चीर असली, की रात्रभरात डिझेल हळूहळू टाकीकडे मागे उतरते आणि त्याच्या जागी हवा शिरते. पंप डिझेल ढकलू शकतो, हवेस मात्र तो नुसताच दाबत राहतो. अशा वेळी फिल्टरवरील हवा काढण्याचा स्क्रू सैल करून हातपंप मारावा. प्रथम फेस येतो. बुडबुडे थांबून डिझेलची अखंड धार लागली, की स्क्रू घट्ट करावा. रोज सकाळी अशी हवा काढावी लागत असेल, तर ती दुरुस्ती नव्हे. हवा जेथून शिरते ती जागा शोधून वायसर अथवा नळी बदलणे हीच खरी दुरुस्ती.

येथे सावधगिरीची एक सूचना आवश्यक आहे. नोझलकडे जाणाऱ्या नळीतील दाब जुन्या इंजिनांतही सुमारे २०० वातावरणाइतका असतो. त्या दाबाची बारीक धार कातडी भेदून शरीरात शिरू शकते आणि ती जखम दिसण्यास लहान, पण अत्यंत गंभीर असते. नव्या कॉमन रेल पद्धतीच्या गाड्यांत हा दाब कित्येक पटींनी अधिक असतो. तेव्हा अशा नळ्या सैल करण्याचे काम जाणकार कारागिराकडेच सोपवावे आणि नव्या गाड्यांवर जुन्या युक्त्या मुळीच करू नयेत.

तिसरे लक्षण: इंजिन जोमाने फिरते, पांढरा धूर निघतो, पण इंजिन धरत नाही. पांढरा धूर म्हणजे न जळलेल्या डिझेलची वाफ. इंधन पोचते आहे, परंतु पुरेशी उष्णता नाही, असा त्याचा अर्थ. ज्या जुन्या इंजिनांत मुख्य सिलिंडरला जोडून ज्वलनाची एक लहान पूर्वकोठी असते, त्यांत ती तापविण्यासाठी ‘हीटर प्लग’ बसविलेले असतात. टेल्कोने १९५४ पासून डेमलर-बेंझच्या सहकार्याने बनविलेल्या सुरुवातीच्या गाड्यांची इंजिने या प्रकारची होती. जुन्या रचनेत हे प्लग दिव्यांच्या माळेसारखे एकापुढे एक जोडलेले असत. माळेतील एक दिवा गेला की सर्व माळ विझते, तद्वत एक प्लग जळाला की सर्वच थंड राहत. जतन केलेल्या एखाद्या जुन्या गाडीबाबत हे प्रथम तपासावे. पुढील काळातील थेट फवारा पद्धतीच्या बहुतेक बस इंजिनांत असे प्लग नसतात. त्यांत पांढरा धूर दिसू लागला, तर हवेचा फिल्टर, नोझलचा फवारा, पंपाचे टायमिंग आणि शेवटी ‘कॉम्प्रेशन’ या क्रमाने तपासणी करावी. इंजिन एकदा तापले की दिवसभर ठीक चालते आणि पहाटेच तेवढे अडते, ही रिंगा व व्हाल्व्ह झिजल्याची नेहमीची खूण आहे.

वंगण तेलाचाही येथे विचार करावयास हवा. डब्यावरील ‘१५ डब्ल्यू ४०’ अशा अंकांतील पहिला अंक थंडीतील वर्तन दर्शवितो. तो जितका लहान, तितके तेल थंडीत अधिक सैल. निर्मात्याने सांगितलेल्या प्रतीचे तेल योग्य वेळी बदलले, तर स्टार्टरवरील भार कमी होतो.

हे करू नये

घाईच्या वेळी काही घातक उपाय सर्रास केले जातात. त्यांपासून कटाक्षाने दूर राहिले पाहिजे.

बसला धक्का मारून किंवा उतारावरून सोडून ती सुरू करणे हा त्यांतील सर्वांत प्रचलित प्रकार. कित्येक चालक बस रात्रीच उतारावर लावून ठेवतात. परंतु हवेच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकसाठी लागणारी हवा इंजिन चालू असतानाच तयार होते. रात्रभरात टाकीतील हवा उतरलेली असते. ज्या जुन्या गाड्यांत हवा नसताना आपोआप आवळणारा स्प्रिंगचा ब्रेक नाही, अशी गाडी उतारावर सुटली आणि इंजिन धरले नाही, तर पायाखालचा ब्रेक निकामी ठरतो. पुढे रस्त्यावर शाळेची मुले उभी असतात. विद्यार्थ्यांना बसला धक्का मारण्यास लावणे तर कोणत्याही परिस्थितीत क्षम्य नाही.

हवेच्या नळीपाशी पेटता बोळा धरणे, पेट्रोलने भिजविलेले फडके लावणे किंवा ईथरचा फवारा मारणे, हेही तितकेच धोक्याचे. हीटर असलेल्या इंजिनात त्यामुळे स्फोट होऊ शकतो. इतर इंजिनांत पिस्टन आणि रिंगा फुटतात. टाकीखाली अथवा तेलाच्या चेंबरखाली जाळ करण्याबाबत अधिक लिहिण्याची आवश्यकता नाही.

बॅटरीतील पाणी पाहण्यासाठी काडी पेटवू नये. बॅटरीतून निघणारा हायड्रोजन वायू स्फोटक असतो. दुसऱ्या गाडीची वीज घ्यावयाची असल्यास तीही २४ व्होल्टचीच असावी आणि शेवटचे टोक बॅटरीपासून दूर, इंजिनाच्या धातूस जोडावे. ‘सेल्फ’ एका वेळी १०-१५ सेकंदांहून अधिक काळ दाबून धरू नये. मध्ये किमान एक मिनिट विश्रांती द्यावी. तीन-चार प्रयत्नांत यश आले नाही, तर थांबून वरील तीन लक्षणांकडे वळावे. सतत ‘सेल्फ’ मारून शेवटी एका दोषाचे दोन दोष होतात.

दिवाळीपूर्वीची तपासणी

१ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरील शासकीय वाहनांच्या व परिवहन महामंडळांच्या बसगाड्यांच्या नोंदणीचे नूतनीकरण बंद करण्यात आले आहे. त्यामुळे जुन्या गाड्यांची जबाबदारी मुख्यत्वे खाजगी मालक आणि संस्था यांच्यावर येते. परिवहन वाहनास ठरावीक मुदतीने योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते, हे खरे. पण तपासणीसाठी बस तेथवर चालत जाते, म्हणजे ती तापलेल्या अवस्थेतच पोचते. पहाटेच्या थंडीत ती सुरू होते किंवा नाही, हे त्या प्रमाणपत्रावरून कळत नाही. ते पाहणे संस्थेचेच काम आहे.

महाराष्ट्रात २०११ च्या शाळा बस नियमांनुसार प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती असते. या समितीच्या दिवाळीपूर्व सभेत पुढील गोष्टींची नोंद घेता येईल:

१. बॅटरी किती वर्षांची आहे? उन्हाळ्यानंतर ती हायड्रोमीटरने तपासली काय? तिच्यात डिस्टिल्ड वॉटरच घातले जाते ना? बोअरचे जड पाणी बॅटरीस मारक ठरते.

२. टर्मिनले, केबली व अर्थची पट्टी स्वच्छ आणि घट्ट आहेत काय?

३. डिझेल व हवेचे फिल्टर केव्हा बदलले? टाकीच्या तळाचे पाणी काढले काय?

४. वंगण तेल मुदतीत बदलले काय? ते योग्य प्रतीचे आहे काय?

५. सुटीच्या काळात बॅटरीचे टोक सोडवून ठेवण्याची, अथवा आठवड्यातून एकदा बस अर्धा तास चालविण्याची जबाबदारी कोणावर सोपविली आहे?

६. शाळा उघडण्याच्या आदल्या दिवशी, भल्या पहाटे, बस सुरू करून पाहिली काय?

यांपैकी शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. त्यास खर्च काहीच नाही. याशिवाय बसमध्ये एक साधी नोंदवही ठेवावी. रोज सकाळी बस कितव्या प्रयत्नात सुरू झाली, एवढाच आकडा चालकाने तीत लिहावा. ऑक्टोबरात ‘एक’ असलेला आकडा नोव्हेंबरात ‘दोन’ आणि डिसेंबरात ‘चार’ होऊ लागला, तर बस बंद पडण्यापूर्वीच तिचे दुखणे कागदावर उमटलेले असेल. विज्ञान शिक्षकांना विद्यार्थ्यांसमवेत या आकड्यांचा आणि पहाटेच्या तापमानाचा आलेखही काढता येईल. आपल्या रोजच्या प्रवासातच शास्त्र दडलेले आहे, हे मुलांना त्यातून उमगेल.

येथे चालकाविषयीही दोन शब्द लिहिणे अगत्याचे आहे. पहाटे चार-साडेचारला उठून थंडगार लोखंडाशी झटणारा हा माणूस बस अडली की सर्वांच्या रोषाचा धनी होतो. बॅटरी अशक्त झाल्याचे त्याने महिनाभर आधी सांगितलेले असते. पण खर्चाचा विषय म्हणून ते मागे पडलेले असते. शेवटी ‘थंडी फार होती’ असे म्हणण्यावाचून त्याच्याकडे दुसरे उत्तर उरत नाही. त्याचे म्हणणे वेळीच ऐकणे हाही देखभालीचाच एक भाग होय.

मराठवाड्याची थंडी दरवर्षी येते आणि संक्रांतीनंतर हळूहळू ओसरते. तिची तारीख आपल्याला ठाऊक असते. मे महिन्याच्या उन्हात बॅटरीतील पाण्याकडे आणि दिवाळीच्या सुटीत उभ्या बसकडे लक्ष दिले, तर पौषातील कोणत्याही पहाटे गारखेड्याच्या कोपऱ्यावर उभ्या असलेल्या मुलांना बसची वाट पाहत कुडकुडावे लागणार नाही आणि कोणाच्याही मुलास बसला धक्का मारण्यासाठी तिच्या मागे जावे लागणार नाही.